रात्री घराला आग लागू नये म्हणून: काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

आग विझवायचा लाल सिलिंडर आणून स्वयंपाकघरात टांगला की बंदोबस्त झाला, असं मानणारी घरं सांगली-साताऱ्यात बरीच दिसतात. त्याच घरात रात्री पुढच्या दाराला कुलूप असतं, किल्ली कुणाच्या तरी पँटच्या खिशात असते आणि जिन्याखाली स्कूटर चार्जिंगला लावलेली असते. सिलिंडर घेतला हे बरोबरच, पण कामाला सुरुवात चुकीच्या टोकानं झाली.

रात्रीच्या आगीत माणसं ज्वाळेपेक्षा धुरानं जास्त दगावतात. धुराच्या वासानं जाग येईलच, या भरवशावर राहू नका. गाढ झोपेत नाक जवळजवळ काम करत नाही, आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर वासच नसतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बाहेर पडायची वाट, मग जाग येण्याची सोय, मग वायरिंग, मग गॅस आणि उघडी आग, आणि शेवटी रोजची रात्रीची फेरी. पहिली दोन कामं एका रविवारात होतात. बाकीची अर्धवट राहिली तरी तेवढ्यानं जीव वाचू शकतो.

तयारी

रविवारच्या आधी एवढं जमवून ठेवा: प्रत्येक झोपायच्या खोलीसाठी एक टॉर्च, दाराच्या कुलपांच्या जादा किल्ल्या, भिंतीत ठोकायला हुक, बॅटरीवर चालणारे धुराचे अलार्म, राखेसाठी झाकण असलेली पत्र्याची बादली आणि वाटीभर साबणाचं पाणी. परवानाधारक वायरमनला त्याच आठवड्यातली वेळ मागून ठेवा. बोर्ड स्वतः उघडायचा नाही. या लेखात विजेबद्दल जे तपासायला सांगितलं आहे ते बघून, ऐकून, वास घेऊन आणि बोर्डाच्या बाहेरून हात लावून करायचं आहे.

टप्पा 1: बाहेर पडायची वाट

आपल्याकडे चोराची भीती आगीपेक्षा मोठी असते. त्यामुळे आत लाकडी दार, त्याला वर-खाली दोन कड्या, त्याबाहेर सरकतं लोखंडी दार आणि त्याला गजांतून हात घालून बाहेरच्या बाजूनं लावलेलं कुलूप, अशी व्यवस्था असते. दिवसा हे उघडायला फारसा वेळ लागत नाही. अंधारात, खोकला येत असताना आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना किल्ली आधी उलटी लागते, मग कुलपाचं भोक सापडत नाही आणि मग किल्ल्यांचा जुडगाच हातातून पडतो. एकदा डोळ्यांना रुमाल बांधून हेच करून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

1. रात्री लावायचं कुलूप एकच ठेवा आणि ते आतल्या बाजूनं लागेल असं करा. शक्य असेल तर कुलूप काढून टाकून आतून सरकणारा दणकट अडसर बसवून घ्या.
2. त्या कुलपाची किल्ली दारापासून हाताच्या अंतरावर, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा जागी हुकाला लावा. जुडग्यात नको, एकटी. घरातल्या पोरांनाही ती जागा माहीत पाहिजे.
3. प्रत्येक झोपायच्या खोलीतून दुसरी वाट शोधा. खिडकीला पक्कं ग्रिल असेल तर निदान एका खिडकीचं ग्रिल बिजागरीवर उघडेल असं करून घ्या, फॅब्रिकेशनवाल्याकडे ते काही तासांचं काम असतं. वरच्या मजल्यावर झोपत असाल तर गच्चीच्या दाराची किल्लीही त्या दारापाशीच.
4. जिना आणि बोळ मोकळा करा. सायकल, धान्याची पोती, रद्दी, इन्व्हर्टर, चार्जिंगची स्कूटर यातलं काहीही वाटेत नको.
5. ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांची झोपायची जागा तळमजल्यावर, दाराजवळ करा.
6. बाहेर जमायची एक जागा ठरवा: मारुतीचं देऊळ, समोरचा पार, कोपऱ्यावरचा विजेचा खांब. सगळ्यांनी तिथंच यायचं.

सांगलीच्या गावभागातले किंवा वाईतले जुने वाडे असतील तर जास्त काळजी घ्या. लाकडी जिना एकच, तोही मधे, आणि माळ्यावर जुनं सामान, अशी तिथं गाठ पडते. जिना पेटला की वरचे अडकतात. अशा वाड्यात वर झोपणाऱ्यांसाठी शेजारच्या गच्चीवर जायची सोय शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. आणि माळा उतरवा. न वापरलेल्या गाद्या, सरपण आणि कागद तिथं ठेवण्याइतकी मोठी गरज कुणालाच नसते.

इथं तपासा: रात्री दिवे बंद करून घरातल्या सगळ्यांनी आपापल्या अंथरुणावरून उठून ठरलेल्या जागी जायचं. कुणी कुठं अडखळलं ते बघा आणि ती वस्तू दुसऱ्या दिवशी हलवा.

टप्पा 2: जाग येण्याची सोय

धुराचा अलार्म आपल्याकडे ऑफिसात आणि हॉटेलात दिसतो, घरात क्वचित. खरं तर बॅटरीवर चालणारा सुटा अलार्म घरासाठीच योग्य. त्याला वायरिंग लागत नाही आणि वीज गेली तरी तो चालतो. घेताना फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा मागा. गादी, कापूस, सोफा यांच्या धुमसणाऱ्या धुराला तो लवकर ओळखतो, आणि रात्रीच्या आगी बहुधा अशाच धुमसत सुरू होतात.

जागा महत्त्वाची. धूर वर चढतो, म्हणून अलार्म छताला, भिंतीपासून निदान फूटभर आत. एक झोपायच्या खोलीत, एक खोल्यांबाहेरच्या बोळात, आणि माडी असेल तर जिन्याच्या वरच्या टोकाला. कौलारू घरात आढ्याच्या अगदी टोकात तो लावू नका, तिथं हवा साचून राहते, थोडा खाली लावा. स्वयंपाकघरात किंवा चुलीच्या खोलीत तर नकोच. फोडणीला रोज वाजायला लागला की चौथ्या दिवशी घरातलं कुणीतरी त्याची बॅटरी काढून रिमोटमध्ये घालतं.

महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून आवाज ऐका आणि कोरड्या ब्रशनं जळमटं काढा. दहा वर्षांनी अलार्म बदला, वाजत असला तरी.

टप्पा 3: वायरिंग, बोर्ड आणि चार्जिंग

सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहेत. पहिला म्हणजे, एमसीबी बसवलाय, आता आग लागणार नाही. एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, तो वायरमधून जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झाला तर पडतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हाही तसाच स्विच, तो करंट बाहेर गळायला लागला, माणसाला शॉक बसला, तर पडतो. पण सॉकेटच्या आतला स्क्रू ढिला झाला आणि तिथंच ठिणगी पडून प्लास्टिक तापत राहिलं, तर करंट नेहमीएवढाच असतो. मग दोन्ही शांत बसून राहतात. ढिला जोड तुम्हालाच शोधावा लागतो.

शोधायची पद्धत अशी. संध्याकाळी सगळं चालू असताना अर्धा तास जाऊ द्या. मग कोरड्या हाताची मागची बाजू प्रत्येक बोर्डाच्या पट्टीला आणि प्लगला लावा. कोमट लागला तर लक्ष ठेवा. गरम लागला, पिवळा-तपकिरी डाग दिसला, चरचर आवाज आला किंवा जळक्या प्लास्टिकचा, काहीसा मासळीसारखा वास आला, तर त्या सर्किटचा एमसीबी पाडा आणि वायरमन येईपर्यंत चढवू नका. वायरमनला प्रत्येक 16 अँपिअरच्या सॉकेटचे आणि मेन बोर्डातल्या न्यूट्रल पट्टीचे स्क्रू कसायला सांगा. हे काम तो आपणहून करत नाही, सांगावं लागतं.

दुसरा गैरसमज: एमसीबी सारखा पडतो म्हणजे तो लहान आहे, मोठा बसवा. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीवर 32 अँपिअरचा एमसीबी लावला तर वायर जळेल पण एमसीबी पडणार नाही. फ्यूजला केबलची जाड तार गुंडाळणं हा त्याचाच जुना प्रकार, आणि खेड्यांतून अजून दिसतो.

तिसरा: प्लग बसला म्हणजे चालतं. पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड 230 व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर घेतो. साधं सॉकेट 6 अँपिअरचं असतं. त्यात रॉड, त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर इस्त्री, असं चाललं की वायर रोज थोडी भाजत जाते आणि एखाद्या रात्री हात टेकते. रॉड, गिझर, हीटर, इस्त्री या वस्तू 16 अँपिअरच्या सॉकेटलाच, एकेक.

सावधान, नदीकाठच्या घरांसाठी: 2019 आणि 2021 च्या पुरात सांगली, मिरज, पलूस, वाळवा भागात ज्यांचे बोर्ड पाण्याखाली गेले, त्यांपैकी अनेकांनी ते उन्हात वाळवून परत चालू केले. बुडालेला एमसीबी, आरसीसीबी, स्विच आणि सॉकेट वाळवून वापरायची वस्तू नाही. आत गाळ बसतो, तांबं हिरवं पडतं, स्प्रिंग अडकते, आणि नेमक्या वेळी एमसीबी पडत नाही. तुमच्याकडे अजून ते जुनेच असतील तर आधी तेच बदला. सोबत वायरिंगची मेगर चाचणी (वायरीवरचं आवरण शाबूत आहे का ते दाखवणारी) करून घ्या. पुन्हा बसवताना बोर्ड पुराच्या खुणेच्या वर घ्या.

दिवे अचानक लख्ख झाले, पंखा सुसाट फिरायला लागला, किंवा एका खोलीत मंद आणि दुसऱ्या खोलीत झगझगीत प्रकाश दिसला, तर बाहेरून येणारा न्यूट्रल तुटलेला असू शकतो. अशा वेळी 230 च्या जागी कितीतरी जास्त व्होल्टेज घरात येतं. मेन स्विच लगेच पाडा आणि महावितरणला 1912 वर कळवा.

आता चार्जिंग. मोबाइल उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नका. उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही. फरशी किंवा लाकडी नसलेलं टेबल चांगलं. फुगलेली बॅटरी दिसली तर त्याच दिवशी तिचा वापर थांबवा. इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीच्याच चार्जरनं, घराबाहेर किंवा हवेशीर पडवीत, आणि जागे असताना चार्ज करा. लिथियम बॅटरी पेटली तर दाट विषारी धूर निघतो आणि विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते. म्हणून ती जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेत कधीच नको. इन्व्हर्टरची साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिलाही बंद कपाटात कोंडू नका.

टप्पा 4: गॅस

इथं मोजकंच सांगायचं आहे. रात्री रेग्युलेटर बंद करायचा, रोज, न चुकता. शेवटचं भांडं उतरवताना आधी रेग्युलेटर बंद करा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझेपर्यंत तिथंच उभं राहा, मग शेगडीचा कान फिरवा. अशानं नळी रिकामी राहते. नळी पाच वर्षांनी बदला, वर छापलेली तारीख बघा. महिन्यातून एकदा जोडांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती तपासू नका.

रात्री उठल्यावर गॅसचा वास आला तर क्रम असा: कुठलंही बटण चालू करायचं नाही, बंदही करायचं नाही. दार-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, सिलिंडरला टोपी लावा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच मोबाइलवरून 1906 ला फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, मोरीत आणि खालच्या खोलीत साचतो, त्यामुळे उभ्यानं वास कमी झाला म्हणून परत आत जाऊ नका.

टप्पा 5: उघडी आग

*देवघर.* नवरात्रातला अखंड दिवा, दिवाळीतल्या पणत्या, गुरुवारची पूजा. दिवा ठेवायचाच, पण जागा बदला. पितळी परातीत वाळू किंवा पाणी घालून त्यात समई ठेवा, भोवती काचेची चिमणी, आणि वर व बाजूला हातभर अंतरात पडदा, हार, तोरण, कॅलेंडर काही नको. लाकडी देव्हाऱ्याच्या आत रात्रभर दिवा ठेवू नका. जुन्या घरात उंदीर तेलात भिजलेली पेटती वात ओढून नेतात, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. चिमणीचा तो दुसरा उपयोग. अखंड नसलेला दिवा झोपण्याआधी शांत करावा, त्यात कमीपणा काही नाही.

*डासांची कॉइल.* ती सात-आठ तास धुमसते, म्हणजे तुमच्या झोपेचा सगळा वेळ. तिच्या पत्र्याच्या स्टँडखाली स्टीलची थाळी ठेवा आणि ती मच्छरदाणी, पांघरूण, गोधडीचं टोक यांच्यापासून निदान तीन हात लांब ठेवा. खाटेखाली कधीच नाही. कापसाच्या गादीला ठिणगी लागली तर ज्वाळा लगेच दिसत नाही. आत खोलवर कापूस धुमसतो, वर फक्त रुपयाएवढा काळा डाग. तांब्याभर पाणी ओतून विझली असं वाटतं, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा पेट घेते. अशी गादी पूर्ण भिजवून अंगणातच टाका, परत आत घेऊ नका. विडी-सिगारेटला हाच नियम.

*चूल आणि पाणी तापवायचा बंब.* झोपताना चुलीतलं लाकूड ओढून बाहेर काढा आणि पाण्यात बुडवून विझवा. राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. म्हणून राख प्लास्टिकच्या घमेल्यात किंवा उकिरड्यावर न टाकता झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरा आणि बादली भिंतीपासून लांब, अंगणात ठेवा. पहाटे बंब पेटवणाऱ्यांनी आदल्या रात्री सरपण बंबाला टेकवून ठेवू नये. जी सोय वाटते तीच आग पसरवते.

महाबळेश्वर, पाटण, जावळीकडे थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपतात. कृपा करून असं करू नका. आग लागली नाही तरी कार्बन मोनॉक्साइडनं खोलीतलं सगळं घर झोपेतच जाऊ शकतं. शेगडी बाहेर ठेवून मगच झोपायचं.

*गोठा आणि गंजी.* डासांसाठी गोठ्यात शेणी आणि कडुलिंबाचा पाला धुमसवत ठेवायची पद्धत आहे. ती कढई किंवा घमेलं विटांवर, कडब्यापासून लांब ठेवा आणि झोपण्याआधी माती टाकून विझवा. जनावरांचं दावं ओढताच सुटेल अशा गाठीनं बांधा आणि दारापाशी विळा टांगून ठेवा, म्हणजे गाठ आवळली तर कापता येईल. कडब्याची गंजी घर आणि विजेच्या तारा, दोन्हींपासून दूर रचा. उसाचं पाचट न जाळणंच बरं, ते जमिनीला लागतं. शेजारच्या रानात कुणी संध्याकाळी पेटवलं असेल तर मात्र वारा तुमच्या घराकडे आहे का, हे झोपण्याआधी बघून या.

टप्पा 6: रात्रीची फेरी

वरची कामं एकदाची, ही रोजची. घरातल्या एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही. फेरी मागच्या दारापासून सुरू करून पुढच्या दारापाशी संपवा.

1. चूल, बंब, राख: हात जवळ नेऊन बघा.
2. रेग्युलेटर बंद.
3. इस्त्री, रॉड, गिझर, टीव्ही: प्लग काढलेला. वीज गेली असेल तर हे दुप्पट लक्षानं बघा, कारण चालू राहिलेली इस्त्री मध्यरात्री वीज आली की एकटी तापते.
4. देवघर.
5. कॉइल थाळीत, कपड्यांपासून लांब.
6. चार्जरवर गादी-उशी काही नाही.
7. टॉर्च जागेवर, मोबाइल हाताशी.
8. खोल्यांची दारं ओढून घेतलेली. आपल्याकडे दार उघडं आणि पडदा लावलेला असतो. पण बंद दार धूर आणि आग काही मिनिटं अडवतं. अलार्म बसवला असेल तर दार बंद ठेवून झोपायला हरकत नाही.
9. पुढच्या दाराची किल्ली हुकाला.

लग्नघरात, यात्रेत, दिवाळीत पाहुणे जमिनीवर ओळीनं झोपतात, दारापर्यंत. त्या रात्री नववा मुद्दा सगळ्यांना मोठ्यानं सांगा.

टप्पा 7: तरीही लागली तर

आधी सगळ्यांना उठवा, मग बाकीचं. धुरात वाका किंवा रांगा, कारण खाली हवा जरा बरी असते. बंद दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूनं चाचपा. गरम असेल तर ते उघडू नका, दुसऱ्या वाटेनं जा. वाटच नसेल तर दाराच्या फटीत ओली चादर कोंबा आणि खिडकीतून टॉर्च हलवा. बाहेर पडताना मागचं दार ओढून घ्या. मेन स्विच वाटेत असेल तरच पाडा.

लाल सिलिंडर कधी वापरायचा? आग कचऱ्याच्या डब्याएवढी, तुमच्या पाठीमागे मोकळं दार, बाकीचे बाहेर, तेव्हाच. घरासाठी एबीसी पावडरचा घ्या, त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते महिन्याला बघा, आणि तो शेगडीच्या वर न टांगता स्वयंपाकघराच्या दारापाशी टांगा. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाकडे धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. लहान सिलिंडर काही सेकंदांतच संपतो. तेवढ्यात विझली नाही तर बाहेर. पेटलेल्या तेलाच्या कढईवर आणि चालू विजेच्या बोर्डावर पाणी टाकायचं नाही. कढईवर झाकण सरकवा आणि खालचा गॅस बंद करा.

कपडे पेटले तर पळू नका. जमिनीवर झोपून लोळा. दुसऱ्यानं घोंगडी टाकून आग दाबावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नका आणि कातडीला चिकटलेलं कापड ओढून काढू नका.

फोन बाहेर येऊन करा, 101 किंवा 112. गावात राहत असाल तर जवळच्या नगरपरिषदेच्या, साखर कारखान्याच्या आणि एमआयडीसीच्या अग्निशामक गाडीचे नंबर आजच विचारून फ्रिजवर चिकटवा. सांगताना गाव, वस्ती आणि ठळक खूण सांगा आणि एक माणूस रस्त्यावर टॉर्च घेऊन उभा करा. बोळातल्या दुचाक्या शेजाऱ्यांकडून हलवून घ्या, गाडीला वाट लागते.

ठरलेल्या जागी माणसं मोजा. कुणी आत राहिलं असेल तर अग्निशमनवाल्यांना ती व्यक्ती कुठल्या खोलीत झोपते ते सांगा, स्वतः परत जाऊ नका. घरात गॅसचे सिलिंडर किती आणि स्कूटरची बॅटरी कुठं आहे, हेही त्यांना पहिल्या वाक्यातच सांगा. आग विझल्यावर वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच चढवायचा नाही.